कानाच्या शेंड्याविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सात महिने मी तुला एक अक्षरही लिहिले नाही, आणि आज रात्री दोन वाजता लिहायला बसलो आहे तो पडद्यावर उमटलेल्या काही लाल ओळींमुळे. प्रकृती ठीक आहे. पाठ दुखते, पण ती तू इथे होतास तेव्हाही दुखतच होती. माईंच्या डोळ्यांचे काम नीट पार पडले. आता मुद्द्यावर येतो, कारण हे घरात कुणाला सांगितले तर ‘मग नवा कॉम्प्युटर घे’ एवढेच उत्तर मिळते.

आपल्या अ‍ॅनिमेशनमधला पाणवठ्याचा शॉट तुझ्या लक्षात असेलच. 240 फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर मोजून दहा सेकंदांचा तो शॉट गेले तीन आठवडे माझा जीव खात होता. रेंडर लावायचा, म्हणजे सीनमधून एकेक फ्रेमचे चित्र काढायला यंत्राला बसवायचे, 142व्या फ्रेमपर्यंत सगळे सुरळीत चालायचे, आणि 143व्या फ्रेमला आपले थ्रीडीचे सॉफ्टवेअर ब्लेंडर एकाएकी बंद पडायचे. तू ज्यासाठी मला नेहमी रागावायचास तेच मी आधी केले: ड्रायव्हर बदलला, मग पुन्हा जुना टाकला, मग कॅबिनेट उघडून पंखे पुसले. तिसऱ्या दिवशी अक्कल आली आणि रेंडर टर्मिनलमधून चालवला, म्हणजे मरताना तो काय म्हणाला ते तरी वाचता यावे. ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली, असे शेवटच्या ओळीत सरळ लिहिले होते.

कार्ड 8 जीबीचे आहे. ‘फाइल तर तीनच एमबीची आहे, ती काय मेमरी खाणार?’ असे म्हणून मी तुझ्याशी एकदा अख्खी संध्याकाळ भांडलो होतो. ते भांडण आज मी हरलो असे समज. जेपीजी डिस्कवर कितीही लहान असली तरी वापरताना तिची घडी उलगडावीच लागते. 4096 बाय 4096 बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला चार बाइट, म्हणजे 64 एमबी होतात, आणि तेच चित्र 8192चे केले की 256. मागच्या टेकडीवरच्या सहा दगडांना, जे पडद्यावर नखाएवढे दिसतात, मी 8192ची प्रत्येकी दोन चित्रे चिकटवली होती. त्या बारा चित्रांनीच 3 जीबी अडवून ठेवले होते. ती लहान केली, तर रेंडर 143 ऐवजी 151ला कोसळला.

मग अर्धा सीन लपवून चालवायचा, वाचला तर लपवलेल्या अर्ध्यात शोधायचे, असे अर्ध्याचे अर्धे करत गेलो आणि शेवटी चिखलाच्या जमिनीपाशी पोहोचलो. तिथे मी कॅमेऱ्याच्या अंतरानुसार बारीक होत जाणारे सबडिव्हिजन, म्हणजे पृष्ठभागाच्या चौकोनांचे आपोआप तुकडे पाडणे, लावले होते, आणि त्याच फ्रेमांत कॅमेरा चिखलाला जवळजवळ नाक लावतो. पायऱ्यांची मर्यादा बारावर होती. दर पायरीला एका चौकोनाचे चार होतात, म्हणजे नाकासमोरच्या एकेका चौकोनाचे 1,67,77,216 तुकडे करण्याची परवानगी मीच देऊन ठेवली होती. मर्यादा सहावर आणली, 4096 तुकड्यांत भागले, आणि चिखल पूर्वीइतकाच घाणेरडा दिसतो.

इथे पत्र संपायला हवे होते. पण दुसऱ्या रात्री रेंडर 206ला पडला, तिसऱ्या रात्री 31ला, आणि चौथ्या रात्री 88ला. (आधीच्या फ्रेम वाचल्या, कारण हल्ली मी सरळ व्हिडिओ न काढता सुट्या चित्रांची मालिका काढतो. हो, तुझेच ऐकून. फार खूश होऊ नकोस.) तेव्हा तुझे ते जुने वाक्य आठवले: रोज त्याच फ्रेमला मरत असेल तर सीन तपास, रोज वेगळ्या फ्रेमला मरत असेल तर यंत्र तपास. त्या वेळी मी त्याला ज्योतिष म्हणून हसलो होतो. तापमान पाहिले, ते ठीक होते. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, सुरू केली, आणि चाळीस मिनिटांत चुकांच्या लाल ओळी उमटू लागल्या. रॅमचा वाढवलेला वेग काढून मूळ वेगावर आणला, तरी त्या येतच राहिल्या. मग रॅमची एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये घालून तपासली. एक पट्टी रात्रभर निर्दोष चालली. दुसरी दहा मिनिटांत फसली.

दुसऱ्या पट्टीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. जाताना तू ‘राहू दे तुझ्याकडे’ म्हणालास, ती.

रागावलो नाही, उलट आहे. कानाचे प्रकरण आठव. आपल्या त्या लंबू प्राण्याचा उजवा कान एका सकाळी फाइल उघडताच आकाशात घुसलेला होता, आणि तूच हात लावलास असे मी बारक्यासमोर, सरांसमोर बोललो होतो. त्यानंतर आपण महिनाभर बोललो नाही. त्या काळात ही पट्टी त्याच मशीनमध्ये होती. कानाच्या शेंड्याची उंची मी आकडा टाकून बरोबर 3 ठेवली होती. हा 3 मेमरीत 32 बिटांत राहतो, आणि त्याच्या घातांकातला एकच विशिष्ट बिट उलटला तर त्याचे थेट 768 होतात. बाकी एकही बिंदू न हलता फक्त शेंडा आकाशात जातो, आणि फाइल सेव्ह केली की ती चूक खऱ्या कामासारखी डिस्कवर जाऊन बसते.

तेव्हापासून झोप उडाली आहे, कारण या पट्टीवर मी किती वर्षे फाइली सेव्ह केल्या आणि त्यांच्याच प्रती बॅकअप म्हणून ठेवल्या, याचा हिशोब लागत नाही. पाणवठ्याच्या जुन्या फ्रेमांपैकी पाच चांगल्या पट्टीवर पुन्हा काढून जुन्यांतून वजा करून पाहतो आहे. वजाबाकी पूर्ण काळी आली म्हणजे फ्रेम तीच. चार काळ्या आल्या. पाचवी आत्ता चालू आहे.

तुझी नवी नोकरी लागल्याचे सरांकडून कळले, अभिनंदन. मुले नव्या शाळेत रमली का, आणि वहिनींचा गुडघा कसा आहे, ते सविस्तर लिही.

एक काम कर. कानाच्या त्या सकाळची फाइल तुझ्या जुन्या हार्ड डिस्कवर असणार, कारण पुरावा म्हणून तू ती मुद्दाम नेली होतीस. ती उघड, शेंड्याचा बिंदू निवड, आणि उंचीचा आकडा मला कळव. 768 निघाला तर बारक्यालाही सांग, आणि हे पत्र सरांना दाखवायलाही माझी हरकत नाही. 412 वगैरे काही निघाला, तर मात्र त्या रात्री प्रपोर्शनल एडिट (एक बिंदू ओढला की आजूबाजूचेही ओढले जातात, ते) चालू कोणी ठेवले होते, ते तू लिहायचेस.

तुझाच,
भांडखोर