तक्रार : जुन्या सर्व्हरची डिस्क पुसू नका

दिनांक : १३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सर्व्हर बदलताना आमच्या संकेतस्थळाचा चालू डेटाबेस नष्ट झाल्याबाबत

महोदय,

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधी लिहिते. जुने सर्व्हर ३१ ऑक्टोबरला बंद करून त्यांच्या डिस्क पुसणार, असा ईमेल आपण ग्राहकांना पाठवला आहे. आमचे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर होते, त्याला आमच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नका. आमचा जून ते ऑक्टोबरचा डेटा आता राहिला असेल तर तिथेच राहिला आहे.

साताऱ्यात आमचे वधू-वर सूचक केंद्र आहे. सासूबाईंनी ते वह्यांवर सुरू केले, आता मी चालवते, आणि घर त्यावरच चालते. संकेतस्थळावर ४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी १,९१२ स्थळे होती. ५ ऑक्टोबरच्या सकाळी १,६४० उरली, आणि तीही वाचता येण्याजोगी नाहीत; अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आहेत.

जुन्या सर्व्हरवरून नव्यावर स्थलांतराचे २,५०० रुपये आपण वेगळे घेतलेत. सर्व्हर बदलतच आहे तर नवे रूपही त्याच वेळी चढवू, म्हणून माझ्या भाच्याने लॅपटॉपवर तयार केलेल्या फाइली आपल्याला पाठवल्या. सोबतच्या ईमेलमध्ये त्याने स्पष्ट लिहिले होते की थीम आणि प्लगइन (म्हणजे रूपाच्या आणि जोडसोयींच्या फाइली) लॅपटॉपवरचे घ्या, डेटाबेस मात्र जुन्या सर्व्हरवरचा घ्या. लॅपटॉपवरचा डेटाबेस जूनचा आहे, फक्त चाचणीसाठी. त्याच्याकडून एक चूक झाली, ती मी लपवत नाही. झिप करताना त्या जूनच्या डेटाबेसची डंप फाइल, म्हणजे सगळा डेटा एका फाइलीत उतरवलेली प्रत, फोल्डरमध्येच राहून गेली. आपल्या माणसाने ईमेल वाचायच्या आधी झिप उघडली असावी, कारण हाताला लागली ती डंप त्याने चढवली. जुन्या सर्व्हरवरचा डेटाबेस आणायचा राहूनच गेला.

भाचा म्हणतो, या धंद्यात कोड वर सर्व्हरवर चढवायचा आणि डेटा खाली लॅपटॉपवर उतरवायचा, उलटे कधी करायचे नाही. हे मला, पन्नाशीच्या बाईला, चहा होईपर्यंत समजले. आपल्याकडे ‘तज्ज्ञ टीम’ आहे.

आता प्रश्नचिन्हांचे. डेटाबेस चालवणारा प्रोग्राम लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८ आहे, आपल्या नव्या सर्व्हरवर मारियाडीबी १०.६. मायएसक्यूएल ८ चे नेहमीचे कोलेशन, म्हणजे अक्षरे लावण्याचा क्रम, मारियाडीबीच्या त्या आवृत्तीला ओळखता येत नाही, म्हणून डंप चढेना. अशा वेळी ‘यूटीएफ८एमबी४’ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) तसेच ठेवून दोन्हीकडे चालणारे दुसरे कोलेशन लिहायचे असते. आपल्या माणसाने तक्त्यांच्या व्याख्येतले ‘यूटीएफ८एमबी४’ काढून सगळीकडे ‘लॅटिन१’ आणि त्याचे ‘स्वीडिश’ कोलेशन घातले. कुलकर्णी, मोहिते, शिर्के यांची स्थळे स्वीडिश क्रमाने लावण्याचे कारण मला अजून कळलेले नाही. लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसले. डंप चढताना असे झाले तर काम थांबत नाही, नुसत्या सूचना येतात. त्या कोणी वाचल्या नाहीत.

एक स्थळ जसे दिसते तसे उतरवून देते :

रास : ????
नक्षत्र : ??????
नाडी : ?????

‘रास’, ‘नक्षत्र’ ही नावे थीमच्या फाइलीत आहेत म्हणून शाबूत. त्यांच्यापुढचे सगळे डेटाबेसमधले, म्हणून गेले. काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगळे मोजले जाते. त्या हिशेबाने ‘अंत्य’ला पाच चिन्हे आणि ‘आद्य’, ‘मध्य’ यांना चार-चार. म्हणजे पाच दिसली तर मुलीची नाडी अंत्य हे मी सांगू शकते. चार दिसली तर आद्य की मध्य, हे ब्रह्मदेवालाच ठाऊक. आणि आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहा घरांचा पहिला प्रश्न ‘एकनाड नाही ना?’ हाच असतो.

आपल्या प्रतिनिधीने मला आधी ब्राउझरचा कॅशे साफ करायला सांगितले. दुसऱ्याने ‘मराठी फॉन्ट टाकून बघा मॅडम’ म्हटले. अक्षरे नुसती वेडीवाकडी दिसत असती तर ती पुन्हा सरळ करता येतात. प्रश्नचिन्ह साठवले गेले की मूळ अक्षर तिथे उरत नाही, फॉन्ट कुठलाही टाका. तिसऱ्याने बॅकअप पूर्ववत केला, आणि पुन्हा तीच प्रश्नचिन्हे आली. त्याची वेळ भाच्याने पाहिली : ५ ऑक्टोबर, पहाटे ३. डंप रात्री १ वाजता चढली होती. नासल्यानंतरची प्रत आपण इमानेइतबारे सांभाळून ठेवलीत.

यापेक्षाही लाजिरवाणे पुढे आहे. दर रविवारी सकाळी ७ ला आमच्या सदस्यांना अनुरूप स्थळांचा ईमेल आपोआप जातो. लॅपटॉपवर तो बाहेर पडत नाही, नव्या सर्व्हरवर पडला, आणि जूनच्या यादीवर पडला. मधल्या काळात जमलेली लग्ने आम्ही यादीतून बंद केली होती; ती सगळी पुन्हा ‘इच्छुक’ झाली. जूनच्या शेवटी लग्न होऊन कराडला गेलेल्या एका मुलीला ‘आपल्यासाठी ४ नवीन स्थळे’ असा ईमेल गेला. तो तिच्या सासूबाईंनी वाचला. आत नावांच्या जागी प्रश्नचिन्हे, पण विषयाची ओळ आणि उंचीचे इंग्रजी आकडे अगदी स्वच्छ. त्या बाईंना मी फोनवर पाऊण तास समजावत होते. डेटाबेस म्हणजे काय, हे मी मराठीत इतके कधी बोलले नव्हते.

आणि हे सगळे आम्हाला कळले कसे? आपल्या माणसाने बदल केलेली डंप फाइल संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरमध्ये तशीच पडली होती. तिचा पत्ता टाइप करणाऱ्या कोणालाही ती उतरवून घेता आली असती. लोकांच्या मुलींचे फोन नंबर, जन्मतारखा, पगार, सगळे त्यात आहे, आणि त्या फाइलीत ते सरळ मराठीत वाचता येते. भाच्याने ती ५ तारखेला दुपारी काढली. तोवर ती किती वेळा आणि कुठून उतरवली गेली, याची सर्व्हरवरची नोंद मला लेखी हवी.

जूनपर्यंतची १,६४० स्थळे लॅपटॉपवरून आम्ही स्वतः परत चढवू. प्रश्न नंतरच्या २७२ चा आहे. केंद्रात येऊन नोंदणी केलेल्यांचे कागदी फॉर्म आहेत (सासूबाईंनी कागद कधी बंद होऊ दिला नाही, त्यावरून मी त्यांच्याशी भांडलेही आहे). पण बेंगळुरूहून, दुबईहून ऑनलाइन भरलेल्यांचा आमच्याकडे एक चिटोराही नाही. म्हणून जुन्या सर्व्हरवरच्या डेटाबेसची प्रत ‘यूटीएफ८एमबी४’मध्येच काढून, उघड्या फोल्डरमध्ये न ठेवता, आम्हाला द्या. चालू संकेतस्थळावर आपण काहीही चढवू नका. भाचा ती आधी लॅपटॉपवर उघडेल, १,९१२ मोजेल, दहा-वीस पत्रिका वाचेल, आणि मगच नव्या सर्व्हरवर नेईल. तोवर रविवारचा ईमेल बंद राहील. स्थलांतराचे २,५०० रुपये परत करा, आणि संकेतस्थळ ज्या दिवसांत वापरता येत नाही त्यांचे शुल्कही. तुळशीचे लग्न तीन आठवड्यांवर आहे. नोंदणी होते ती याच महिन्यात.

५ तारखेपासून तक्रारीची तीन तिकिटे नोंदवली, यंत्राने क्रमांक दिले, माणसाचे उत्तर आले नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे असते. हे पत्र मी त्याच पदाला उद्देशून लिहिले आहे. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि मग जिल्हा आयोगाकडे जाईन. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून हात झटकायचा विचार असेल तर स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, तीही वाचून ठेवा.

केंद्र सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडे असते. फोन कराल तेव्हा जुना सर्व्हर अजून चालू आहे की नाही, हे आधी पाहून मग करा.

कळावे,

आपली,
संचालिका, वधू-वर सूचक केंद्र, सातारा

सोबत : भाच्याचा स्थलांतरापूर्वीचा ईमेल, तीन तिकिटांच्या प्रती, प्रश्नचिन्हांच्या पानांची छायाचित्रे, २,५०० रुपयांची पावती