ईयूचा कायदा लॉ कॉलेजात नीट शिकवू द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिक जिल्ह्यात लॉच्या मुलांना शिकवतो आणि माझी मागणी एकच आहे. युरोपियन युनियनचा कायदा आणि तिथल्या संस्था हा एलएलबीला स्वतंत्र ऑप्शनल पेपर हवा. आत्ता आमच्याकडे इंटरनॅशनल लॉ शिकवताना यूएन, डब्ल्यूटीओ उरकलं की शेवटी ईयूवर एक टीप येते, मुलं ती पाठ करतात, पाच मार्क घेतात आणि विषय संपतो.

का हवा ते आमच्या भागातले बागायतदार सांगतील. 2010 ला आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराईडचे (वेलीची वाढ रोखणारं औषध, शेतकरी सीसीसी म्हणतात ते) अंश सापडले, युरोपात माल अडकला, एक्सपोर्टर आणि शेतकरी दोघंही बुडाले. त्या वेळी सगळी चर्चा फवारणी आणि लॅब टेस्टिंगची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ही अंशांची मर्यादा ठरवतं कोण? 2005 च्या एका रेग्युलेशनखाली ती ठरते, इटलीत पार्मा शहरात अन्न सुरक्षेची संस्था आहे ती शास्त्रीय मत देते, मग ब्रसेल्सचं कमिशन (ईयूचा कारभार चालवणारी संस्था) आणि 27 देशांचे प्रतिनिधी मिळून आकडा ठरवतात. यात आपली हरकत कुठल्या टप्प्यावर आणि कोणाकडे घ्यायची हे सांगणारा वकील जिल्ह्यात शोधून सापडत नाही.

आणि कोर्टात जायचं म्हटलं तर? इथे 1963 चे दोन निकाल शिकवलेच पाहिजेत. फेब्रुवारीत व्हॅन गेंड एन लूसचा निकाल आला. ही डच कंपनी पश्चिम जर्मनीहून एक केमिकल आणत होती, ड्युटी 3 टक्क्यांवरून 8 टक्के झाली, आणि लक्झेंबर्गच्या कोर्टाने (आजच्या ईयूचं सर्वोच्च कोर्ट) सांगितलं की रोमचा करार, म्हणजे ज्यावर आजची ईयू उभी आहे तो, फक्त सरकारांमधला नाही, साधा व्यापारीसुद्धा आपल्या देशाच्या कोर्टात त्याचा आधार घेऊ शकतो. केवढं मोठं दार उघडलं! पण जुलैमध्ये त्याच कोर्टाने प्लाउमन नावाच्या जर्मन फळ आयातदाराला परत पाठवलं. तो क्लेमेंटाईन संत्री आणायचा आणि त्याला कमिशनचा निर्णय रद्द करून हवा होता. कोर्ट म्हणालं, संत्री कोणीही आयात करू शकतं, या निर्णयाचा फटका वैयक्तिक तुम्हालाच बसला असं कुठे आहे? ईयूचे मूळ करार बदलणाऱ्या लिस्बन करारानंतर, म्हणजे 2009 पासून, यात थोडी ढील मिळाली, पण प्लाउमनची कसोटी अजून उभी आहे. म्हणजे आपल्या द्राक्षवाल्याने थेट लक्झेंबर्ग गाठण्यापेक्षा रॉटरडॅमला माल उतरवणाऱ्या आयातदाराने डच कोर्टात केस लावायची आणि त्या कोर्टाने ईयूच्या करारातल्या कलम 267 खाली प्रश्न वर लक्झेंबर्गला पाठवायचा, हाच रस्ता बहुतेक वेळा खुला असतो. हे मुलांना उमगलं की पुढचं सगळं सोपं जातं.

द्राक्षाचं सोडा, पुण्याच्या आयटी कंपन्यांना 2018 पासून जीडीपीआर (ईयूचा वैयक्तिक डेटा जपण्याचा कायदा) लागतो, स्टील आणि अॅल्युमिनियम पाठवणाऱ्यांना आता कार्बनचा हिशोब द्यावा लागतो. शिवाय आपलं घटनेचं शिक्षणही पक्कं होतं. जीएसटी कौन्सिलमध्ये केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात, तिकडे ईयूच्या देशांच्या मंत्र्यांच्या कौन्सिलमध्ये बहुतेक निर्णयांना 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या असं दुहेरी बहुमत लागतं. राज्यांनी अधिकार एकत्र आणायचे पण लहान राज्य दबलं जाऊ नये हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून शिकवलं की वर्गात जी चर्चा होते ती एरवी होत नाही.

अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, मंत्रालय नाही, हे मला माहीत आहे. पण तुमच्या खात्याने कुलगुरूंना पत्र लिहिलं तर फाईल हलते हेही माहीत आहे. खर्च फार नाही, ईयूचे कायदे आणि लक्झेंबर्गचे निकाल ऑनलाइन फुकट वाचता येतात, आणि ईयूच्याच जीन मॉने योजनेत बाहेरच्या देशांतली विद्यापीठंही हा विषय शिकवण्यासाठी अर्ज करू शकतात. खरी अडचण शिक्षकांची आहे, त्यासाठी सुट्टीत ट्रेनिंग ठेवा, त्यात मी पहिला नाव देईन. आणि कृपा करून परीक्षेत टिपा नकोत, एक पूर्ण निकाल द्या आणि त्यावर युक्तिवाद लिहायला सांगा.

येत्या शैक्षणिक वर्षात निदान एका विद्यापीठात तरी हा पेपर सुरू व्हावा, एवढी विनंती.

आपला,
नाशिक जिल्ह्यातला एक लॉचा शिक्षक