अडखळणाराही 'आर्टिक्युलट' असतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना 'आर्टिक्युलेट व्हा, म्हणजेच अस्खलित इंग्रजी बोला' असा सल्ला वाचला. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे राहवलं नाही.

आमच्या विभागात तारेनं जोडून टांगलेला अख्खा सांगाडा 'आर्टिक्युलेटेड', आणि मुलं वसतिगृहावर नेत तो सुट्या हाडांचा बोन सेट 'डिसआर्टिक्युलेटेड'. लॅटिन 'आर्टिक्युलस' म्हणजे छोटा सांधा. बोटाला जशी पेरं, तशी बोलण्याला पेरं पाडणं, प्रत्येक अक्षर नि मुद्दा वेगळा कळेल असं बोलणं, हा पुढचा अर्थ त्यातूनच आला. तुमच्या अंकातलं आर्टिकल आणि राज्यघटनेतलं आर्टिकलही त्याच कुळातलं. (आपल्याकडे संधिवातातला आणि व्याकरणातला संधी एकच. फक्त व्याकरणातला संधी दोन वर्ण एकजीव करून टाकतो. इथे सांधा दिसायला हवा.)

अस्खलित म्हणजे न अडखळता. ते वेगळं. तोंडी परीक्षेत जत तालुक्यातला एक मुलगा तोडक्यामोडक्या इंग्रजीत, मध्येच मराठीत शिरत सांगत होता: खांद्याची वाटी उथळ, हाडाचा गोळा मोठा, म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच खांदा लवकर निखळतो. खुब्याची वाटी खोल, तिथे उलट. कारणाला कारण जोडलेलं, एकही वाक्य वाया नाही. त्याच्या आधीची मुलगी फाडफाड बोलली; काय बोलली ते बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही सांगता आलं नसतं. आर्टिक्युलट तो मुलगा होता.

हे विशेषण कौतुकानं वापरतानाही जपावं लागतं. २००७ च्या जानेवारीत जो बायडन यांनी बराक ओबामांना ते लावलं आणि टीका ओढवून घेतली. कृष्णवर्णीय असून नीट बोलतो, असा त्याचा वास आला. 'खेड्यातला असून किती छान बोलतो' हे मुलाखतीच्या खोलीत ऐकू येणारं वाक्य त्याच पठडीतलं.

आणि उच्चार. विशेषणाचा शेवट आखूड, 'लट' असा. 'लेट' म्हटलं की ते क्रियापद होतं. मुलांना इंग्रजीचे धडे देणाऱ्या सदरानं पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती तरी छापावी.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, मिरज