पोस्टातल्या बाईंना, माझ्या नावाने

तीर्थस्वरूप बाईंना सा. न. वि. वि.

तुमचा डोंबिवलीचा पत्ता माझ्याकडे आहे, आणि हेच पत्र मी तिकडेही टाकणार आहे. पण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते चार लोकांनी वाचावं असं मनात आहे, म्हणून आधी इथे लिहिते. तुमच्या निरोपाच्या दिवशी मी बोलायला उठले आणि दोन वाक्यांतच गळा दाटून आला, तशीच खाली बसले. तेव्हा राहिलेलं बोलणं आज पुरं करते.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, माहीत नाही. मे २०१९. नणंदेला पाठवायचं आमसुलांचं पार्सल घेऊन मी पोस्टात आले होते. आपलं पोस्ट म्हणजे ती एकच खोली, पुढे पडवी, आणि सकाळचे चार तास काय ते उघडं. तुम्ही पार्सल काट्यावर ठेवलंत आणि मी सवयीने रडगाणं सुरू केलं. अडतिसावं लागलं, दिवस कसे गेले कळलं नाही, आता काय राहिलंय वगैरे. तुम्ही वजन लिहून घेतलंत, पावती फाडलीत आणि विचारलंत, "ते सगळं ऱ्हाऊ दे. तुला स्वतःला काय हवंय गो?"

मला उत्तर देता आलं नाही. लग्न होऊन गुहागर तालुक्यात आले त्याला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत भाजी काय करू, भात कधी लावायचा, गणपतीला कोण कोण येणार, हे सगळं मला विचारलं गेलं होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग तुम्ही जॉन गॉडर्डची गोष्ट सांगितलीत. अमेरिकेतला पंधरा वर्षांचा मुलगा. १९४० साली एका पावसाळी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि आयुष्यात करायच्या १२७ गोष्टी त्याने लिहून काढल्या. नाईल नदी उगमापासून मुखापर्यंत पार करायची, हे त्यात होतं आणि पुढे त्याने लहान होडीतून ती केलीही. चंद्रावर जायचं होतं, ते राहिलं. पण त्याच यादीत टाइपरायटरवर भराभर टाइप करायला शिकायचं, हेही होतं. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. "मोठं काय नि छोटं काय, एकाच कागदावर. लिहिताना लाज बाळगू नकोस."

आणि खणातून एक निळं आंतरदेशीय काढलंत. अडीच रुपये तुम्ही स्वतःच्या पाकिटातून गल्ल्यात टाकलेत, ते मी पाहिलं होतं. म्हणालात, यावर लिही, स्वतःच्या पत्त्यावर लिही, आणि पेटीत टाक.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ओट्याशी बसले. बारा गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी बंद करायच्या आधी तुम्हाला दाखवायला आणल्या. तुम्ही वाचल्या, चष्मा काढलात आणि म्हणालात, "यातलं तुझं कुठलं आणि लोकांचं कुठलं?"

बाई, तुमच्या सगळ्या मदतीत मला हा प्रश्न सर्वांत मोठा वाटतो. यादी करा असं सांगणारे पुष्कळ असतात. पण बाईमाणसाच्या यादीत दुसऱ्यांच्या किती इच्छा येऊन बसलेल्या असतात, हे तुम्ही ओळखलंत. सोन्याच्या पाटल्या मी जावेच्या हातात पाहिल्या म्हणून लिहिल्या होत्या. विरारला ब्लॉक, ही ह्यांची इच्छा. 'मुलाला इंजिनिअर करणे' यावर आपण किती वेळ बोललो! मी हट्टाला पेटले होते, ती माझीच इच्छा आहे म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्याच्या यादीतलं त्याला लिहू दे." मी ती ओळ खोडली तेव्हा हात जड झाला होता. आज तो चिपळूणला आयटीआय करून मोटारींचं काम शिकतोय आणि घरी आला की त्याबद्दल तासभर बोलतो. ती ओळ मी खोडली नसती, तर हे बोलणं माझ्या वाट्याला आलं नसतं.

बारातल्या पाच उरल्या. दहावी पास होणे. पोहायला शिकणे. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघणे. आईला पंढरपूरला नेणे. सिंधुदुर्ग किल्ला बघणे.

प्रत्येकीपुढे तुम्ही एकच गोष्ट लिहायला लावलीत, उद्या सकाळी काय करणार. दहावीपुढे मी लिहिलं, 'माहेरच्या शाळेतून दाखला आणणे'. पोहण्यापुढे, 'पुतणीला विचारणे'. पंढरपूरपुढे तुम्हीच लिहिलंत, 'आरडी, ३०० रुपये', म्हणजे पोस्टात दर महिन्याला हप्ता भरून साठवायचे पैसे. मग मी ते आंतरदेशीय चिकटवलं आणि वर पत्ता घातला. नावाच्या जागी मी 'सौ.' लिहून ह्यांचं नाव लिहायला लागले, तर तुम्ही काउंटरवरून हात पुढे करून माझं पेन धरलंत. "तुझं लिही."

ते पत्र थैलीतून गुहागरला गेलं आणि तिसऱ्या दिवशी शिक्के अंगावर घेऊन परत आलं. पोस्टमन दारात उभा राहून माझं नाव मोठ्याने वाचत होता. सासूबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, कोणाचं आलं? मी म्हटलं, माझं. आयुष्यात माझ्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र. त्यावरची शिक्क्याची तारीख अजून वाचता येते.

आरडीबद्दल लिहायलाच हवं, कारण तिथे तुम्ही मला दुसऱ्यांदा सावरलंत. पाच वर्षं, साठ हप्ते, महिन्याला ३००. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं विकून मी ते भरत होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. पडवीवरची कौलं रात्रीत उडाली, माडाची झाप गोठ्यात येऊन पडली. दुसऱ्या आठवड्यात मी पासबुक घेऊन आले, खातं मोडायला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुम्ही पासबुक उघडलंत, हप्ते मोजलेत. चोवीस. म्हणालात, मोडायचं कशाला? बारा हप्ते भरून वर्ष झालं की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, खातं चालू राहतं. ३६०० रुपये मिळाले, कौलं आली, आणि खातं जिवंत राहिलं. हा नियम कागदावर सगळ्यांसाठीच आहे. पण रडणाऱ्या बाईला समोर बसवून तो समजावून सांगणारं माणूस गावात असावं लागतं.

त्याच श्रावणात आई गेली. मी यादी घेऊन आले आणि चौथ्या ओळीवर काट मारायला लागले. तुम्ही मारू दिली नाहीत. त्या दिवशी तुम्ही काहीच समजावलं नाहीत. ओळीपुढे आई गेल्याची तारीख लिहायला सांगितलीत आणि चहा पाजलात.

दहावीची कथा लांब आहे. माहेरच्या शाळेत दाखल्यासाठीच चार खेपा झाल्या, जुनं रजिस्टर सापडेना. मग १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. तो ऑनलाइन भरायचा, हे मला तुमच्याकडून कळलं, आणि तुम्हीच पोस्ट बंद झाल्यावर तुमच्या मोबाइलवर भरून दिलात. मार्च २०२३ ला बसले. बाकीचे सगळे विषय निघाले, गणित राहिलं, २७ मिळाले. निकालाच्या दिवशी मी पोस्टाच्या वाटेने गेलेच नाही. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, सासूबाईंसमोर ओटीवर बसलात आणि विचारलंत, "उद्या सकाळी काय करणार?" जुलैच्या पुरवणी परीक्षेत गणितात ४३ मिळाले.

पोहण्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण तेव्हा तुम्ही मुलाकडे गेला होतात आणि परत आल्यावर मी नुसतं 'झालं' म्हणाले होते.

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या वाडीतल्या एकाही बाईला पोहता येत नाही. मुलगे लहानपणीच विहिरीत उड्या मारून शिकतात, मुलींना कोण शिकवणार? पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, डोहात पाणी निवळतं. मी आणि पुतणी दुपारी जायचो, धुण्याची बालदी सोबत, म्हणजे कुणी विचारलं तर धुणं. तिने माझ्या पाठीला तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा ओढणीने आवळून बांधला. पहिले चार दिवस मी शेवाळलेल्या दगडावरून पायच उचलले नाहीत. पाणी गळ्याशी आलं की छातीत धडधडायचं. तेरा वर्षांची पोर मला सांगायची, "काकी, पोटात श्वास धर, पाणी उचलतं." कानात पाणी गेलं की सगळे आवाज लांब जायचे, फक्त डब्याचा डोक्यामागे टक टक आवाज.

अकराव्या की बाराव्या दिवशी ओढणीची गाठ सुटली. मला कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की पिवळा डबा माझ्या पुढून हळूहळू पलीकडच्या जांभ्याच्या दगडाकडे चाललाय. पुतणी काठावर उभी, तोंडावर दोन्ही हात. मी त्याच्या मागे गेले. हात मारत, फुरफुरत, पण गेले, आणि दगडाला हात लावला. मग त्या दगडाला धरून मी रडले. आता वाडीतल्या सहा मुली आणि दोन सुना त्या डोहात शिकल्या आहेत. डबा तोच आहे.

मे २०२४ ला आरडी पिकली. १८,००० माझे भरलेले, वर व्याज. त्या कार्तिकीला मी सासूबाईंना पंढरपूरला नेलं. पोस्टात पैसे टाकते म्हणून ज्या वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हत्या, त्यांनी चंद्रभागेत उतरताना माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या आईच्या नावानेही एक बुडी मार." मारली. यादीतल्या आईच्या तारखेपुढे तेवढंच लिहिलं आहे.

पुढच्या मार्चात कासवांसाठी वेळासला गेले. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, पुढे दापोली, मंडणगड, म्हणजे दिवस मोडला, पण काय पाहिलं, बाई! चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायचं काम उभं केलं आणि गावाने ते आपलं मानलं. वाळूतल्या अंड्यांतून दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात. सकाळी टोपली उचलली तर आत सात पिल्लं, तळहाताहून लहान. वाळूवर सोडली. एक सारखं उलट दिशेला वळत होतं, आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं की हात लावायचा नाही. पंचवीस-तीस माणसं श्वास धरून उभी. ते वळलं, लाटेपर्यंत गेलं, लाटेने मागे टाकलं, पुन्हा गेलं. तेव्हा तुमची फार आठवण आली.

आता सिंधुदुर्ग तेवढा राहिलाय. महाराजांनी १६६४ ला बांधायला घेतलेला किल्ला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात की नोकरीपायी तुमचाही राहिला. ते मी विसरले नाही. तुमच्या यादीतलं तुम्हीच लिहायचं, हे कळतं मला, म्हणून फक्त विचारते.

पावसाळ्यात मालवणच्या होड्या बंद असतात. दिवाळी झाली की या. आमच्याकडे दोन दिवस राहा, पडवीची कौलं बघा, मग एसटीने दोघी मालवणला जाऊ. तिकिटाचे पैसे मी बाजूला काढले आहेत आणि पोस्टात नवी आरडीही सुरू केली आहे.

तारीख कळवा. फोन नको. आंतरदेशीय पाठवा, माझ्या नावाने.

तुमची,
खालच्या वाडीतली