सिग्नल आणि सेटयूआयडी एकत्र शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत सायबर सुरक्षेवर आलेला लेख मी वर्गात वाचून दाखवला. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे गावोगावी पोहोचायलाच हवं. पण घरफोडी दरवेळी घरमालकाच्या चुकीनं होत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातूनही दार उघडं राहतं, आणि ते लिहिणारी मुलं आपल्याच भागातून तयार होतात. मी अमळनेरला ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल घेते. पारोळा, चोपडा, शिरपूरकडची मुलं येतात, पुढे पुण्याला नोकरीला लागतात. त्यांना आपण एक गोष्ट अर्धवट शिकवून पाठवतो, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे सिग्नल, म्हणजे चालू प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या 'थांब', 'वेळ संपली' अशा सूचना, एका प्रकरणात येतात; सेटयूआयडी, म्हणजे प्रोग्रामला सुरू करणाऱ्याऐवजी फाइलच्या मालकाचा अधिकार देणारी खूण, दुसऱ्यात. पहिल्यात कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवायचा, दुसऱ्यात फाइलच्या परवानग्या पाठ करायच्या. धोका आहे तो या दोन प्रकरणांच्या सांध्यावर, आणि तो सांधा कुठल्याच तासाला येत नाही.

पासवर्ड बदलायची कमांड घ्या. ती सुरू करतो साधा युजर, पण पासवर्डच्या फाइलमध्ये लिहायला रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार लागतो. म्हणून त्या प्रोग्रामवर सेटयूआयडी बिट असतो. डेनिस रिची यांच्या या कल्पनेला 1979 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. प्रोग्राम चालू झाला की त्याचा इफेक्टिव्ह यूआयडी (अधिकार ठरवणारा युजर क्रमांक) रूटचा होतो, रिअल यूआयडी मात्र सुरू करणाऱ्याचाच राहतो. आता, सिग्नल पाठवू द्यायचा की नाही हे ठरवताना कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पाठवणाऱ्याचा यूआयडी समोरच्या प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) रिअल किंवा सेव्ह्ड (राखून ठेवलेल्या) यूआयडीशी जुळवून पाहतो. म्हणजे रूटच्या अधिकारानं चाललेला प्रोग्राम साधा युजर मध्येच मारू शकतो, मग फाइल अर्धीच लिहून झालेली का असेना.

हे सांगितल्यावर एका मुलानं अहिराणीतच विचारलं, "मॅडम, मीच चालू कया ना, मंग मीच बंद काबर करू नही?" प्रश्न अगदी नेमका होता. प्रोग्राम त्यानं चालू केला, पण ती फाइल त्या मशीनवरच्या सगळ्यांची आहे. लिनक्सच्या शॅडो या पासवर्ड सांभाळणाऱ्या पॅकेजमधला पासवर्डच्या कमांडचा कोड मी मुलांना उघडून दाखवते. फाइलला हात लावण्याआधी तो कीबोर्डवरून येणारे सिग्नल बाजूला टाकतो आणि रिअल यूआयडीही रूटचा करून घेतो. अनपेक्षित सिग्नलपासून संरक्षणासाठी, अशी टीपही तिथं आहे. एवढं पाहिल्यावर दोन्ही प्रकरणं मुलांच्या डोक्यात एकदम जुळतात.

दुसरी बाजू वारशाची. एक्झेक करून, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये, नवा प्रोग्राम सुरू झाला की आधीच्या प्रोग्रामचे हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारी फंक्शन्स) पुसले जातात. पण जे सिग्नल दुर्लक्षित ठेवले होते ते तसेच दुर्लक्षित राहतात, अडवलेले अडवलेलेच राहतात, ठरल्या वेळी सिग्नल देणारा, लावून ठेवलेला अलार्मही चालूच राहतो. रूटचा अधिकार मिळालेला प्रोग्राम परक्यानं मांडून ठेवलेल्या पटावर जागा होतो. पहिल्या काही ओळींतच त्यानं तो पट स्वतः नीट मांडून घेतला पाहिजे.

हे पुस्तकी वाटत असेल तर ओपनएसएसएचकडे बघा. जगभरचे लिनक्स सर्व्हर दुरून याच्यावरून चालवले जातात. लॉगिन करायला तो मुळात 120 सेकंद देतो. वेळ संपली की अलार्मचा सिग्नल येतो, आणि त्याचा हँडलर रूटच्या प्रोसेसमध्ये चालतो. त्या हँडलरमधून लॉग (घडामोडींची नोंद) लिहिणाऱ्या फंक्शनला हाक जात होती, आणि ते फंक्शन अशा अवेळी वापरायला सुरक्षित नव्हतं. रावेरला केळीच्या गाडीचं वजन लिहिताना मुनीम अर्ध्या ओळीवर उठावा आणि दुसऱ्यानं येऊन त्याच ओळीवर वेगळी नोंद सुरू करावी, तसं मेमरीच्या हिशेबाचं होतं. ही चूक 2006 मध्ये एकदा दुरुस्त झाली होती. ऑक्टोबर 2020 मध्ये कोड बदलताना ती दुरुस्ती गळाली आणि 8.5पी1 आवृत्तीपासून दार पुन्हा उघडलं. 1 जुलै 2024 रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ते जाहीर केलं. 32-बिट लिनक्सवर सरासरी 10,000 प्रयत्नांत, 6 ते 8 तासांत, पासवर्डशिवाय रूट मिळत होता! ओपनबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र वाचली, कारण तिथल्या हँडलरमध्ये 2001 पासूनच लॉग लिहिणारं सुरक्षित फंक्शन होतं.

दुरुस्ती 9.8पी1 मध्ये आली. आपल्याकडच्या पतसंस्था, जिनिंग, दूध संघ यांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की सर्व्हर सांभाळणाऱ्याला हा पॅच बसवलाय का, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नुसता आवृत्तीचा आकडा पाहून समाधान मानू नका, कारण डेबियन, उबुंटू हे लिनक्सचे प्रकार जुन्याच आकड्यावर दुरुस्ती बसवून देतात.

आणि माझ्या सहकारी शिक्षकांना सांगणं असं: एक प्रॅक्टिकल वाढवा. मुलांना छोटा सेटयूआयडी प्रोग्राम लिहू द्या आणि शेजारच्या टर्मिनलवरून, साध्या युजरनं, त्यांनाच तो मारू द्या. हँडलरमध्ये फक्त एक फ्लॅग (सिग्नल आल्याची खूण) उचलायचा, बाकी काम मुख्य लूपमध्ये करायचं, ही सवय तिथंच लावा. अधिकार सोडणाऱ्या, सेटयूआयडी याच नावाच्या कॉलचं उत्तर तपासलं नसेल तर मार्क कापा. तो कॉल फसला तर प्रोग्राम गुपचूप रूटच राहतो. मी या प्रॅक्टिकलची टिपणं मराठीत तयार केली आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावमधल्या कुणाही शिक्षकाला हवी असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी लगेच पाठवीन.

आपली,
एक संगणक-शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)