त्या मुलाला माझा नमस्कार सांग

सातारा, रविवार

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत गच्चीवर तू म्हणालास, "बाबा, मी गे आहे," तेव्हा मी तुला जवळ घेतलं. पण पुढे तू सांगितलंस की हेच तू पाच वर्षांपूर्वी, दहावीत असताना, फोनवर एका अनोळखी मुलाला सांगितलं होतंस. तिथे माझा हात तुझ्या खांद्यावरून सुटला. तुला ते जाणवलं असणार. तू हॉस्टेलवर गेल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसलो.

पहिले दोन दिवस मला रागच होता. ज्याचं नावगाव ठाऊक नाही त्याला सांगितलंस आणि बापाला नाही? मग पणत्यांचं खोकं ठेवायला माळ्यावर चढलो आणि मखराचा पुठ्ठा हाताला लागला. 2018 चा. त्या वर्षी थर्माकोलवर बंदी आली म्हणून आपण पुठ्ठ्याचं मखर केलं होतं. 6 सप्टेंबर, गुरुवार, गणपतीला आठवडा राहिलेला. तू आठवीत होतास. फरशीवर पालथा पडून कमानीच्या पाकळ्या कापत होतास आणि टीव्हीवर बातमी लागली, कलम 377 चा निकाल, समलिंगी संबंध आता गुन्हा नाहीत. लोक रस्त्यात रडत होते, मिठ्या मारत होते. मी म्हणालो, "काय एकेक थेरं! बंद करा ते, पोरं बसलीत."

पुठ्ठ्यावरच्या सहा पाकळ्या पेन्सिलच्या रेघेवर अचूक कापलेल्या आहेत. सातव्या पाकळीत कटर रेघ सोडून पार आत गेलाय. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून मी ओरडलोही होतो. असं बोलणाऱ्या माणसाकडे येऊन तू काय सांगणार होतास?

त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलंय की इतिहासानं या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांचीही. हे मी परवा वाचलं, सात वर्षांनी. तोच निकाल त्या संध्याकाळी नीट ऐकला असता तर तुझी दोन वर्षांनंतरची ती रात्र एकट्यानं गेली नसती.

लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी फोन घेतला. तू रात्री पांघरुणात उजेड कमी करून टाइप करत बसायचास. मला वाटे गेम चाललाय, म्हणून मी दहाला चार्जर काढून घ्यायचो. काय काढून घेत होतो ते आता कळतंय. तू त्या मुलाला लिहिलंस, "मला हे काहीच नको आता," आणि त्यानं रात्री अडीचला उत्तर दिलं, "आधी उठून पाणी पी. मी जागा आहे." मग 1098 हा मुलांसाठीचा नंबर दिला आणि उजाडेपर्यंत तुझ्याशी क्रिकेटवर बोलत राहिला. तोही कुणाचा तरी मुलगाच. त्याच्या घरी काय चाललं असेल कोण जाणे.

आणखी दोन गोष्टी तू सांगितल्यास. समलिंगी लोकांच्या एका गटानं तुला वय विचारलं, सोळाच्या आत आहेस कळल्यावर "अठरा पूर्ण झाले की ये" म्हणाले आणि तू खूप रडलास. बाळा, तीच माणसं भली होती. अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सोचा कायदा आहे, आणि तो तुझ्याचसाठी आहे. ज्यानं वय न विचारता फोटो मागितला, "भेट, नाहीतर घरी सांगेन" म्हणाला, तो घातकी. तू त्याला ब्लॉक केलंस, शहाणपणा केलास. पण मी परत परत विचार करतोय तो त्या धमकीचा. तिच्यात जोर होता तो माझ्यामुळे. घरी कळलं तर काय होईल याची तुला भीती होती म्हणून त्याचं फावलं. यापुढे कुणी असं म्हणालं तर त्याला सरळ माझा नंबर दे.

नगरवाचनालयात र. धों. कर्व्यांबद्दल वाचलं. 1927 पासून ते लैंगिक आरोग्यावरचं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. घरात विचारता येत नाहीत असे प्रश्न वाचक पत्रानं पाठवत आणि कर्वे छापून उत्तरं देत. 1934 साली अशाच उत्तरांवरून खटला झाला, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचंही होतं. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. आंबेडकर. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीही कुणीतरी मराठी पोरगा घरच्यांना सोडून एका अनोळखी माणसालाच विचारत होता.

खोटं बोलणार नाही, तुला डॉक्टरकडे न्यावं का असं एकदा मनात आलं. मग कळलं की जागतिक आरोग्य संघटनेनं हे 1990 सालीच आजारांच्या यादीतून काढलंय, आणि आपल्याकडे असं 'बरं करून देणं' 2022 पासून डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय. तो विषय संपला. मामाला, आत्याला आम्ही काही बोललेलो नाही. कुणाला, कधी सांगायचं ते तू ठरव.

एक गोष्ट मात्र मी तुला न विचारता केली. 'स्वीकार' म्हणून अशा मुलांच्या पालकांचा गट आहे. त्यातल्या एका आईशी बुधवारी फोनवर बोललो. तुझं नाव सांगितलं नाही. त्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. मला तुझ्या म्हातारपणाची भीती वाटते, लोकांची वाटते, आजीला काय सांगू याची वाटते, हे सगळं मी त्यांना पाऊण तास सांगत होतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, यातलं एक अक्षरही मी माझ्या सख्ख्या भावाशी बोललेलो नाही. तुझ्या आईशीसुद्धा नाही. तेव्हा माझा उरलासुरला राग गेला.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं पुण्याला येतो. आईनं कंदी पेढ्यांचे दोन डबे भरलेत. दुसरा त्या मुलासाठी आहे. त्याचं खरं नाव, पत्ता काही विचारू नकोस, त्यानं आपणहून सांगितलं तरच. नाहीतर डबा तूच खा, पण सातारच्या एका बापानं नमस्कार सांगितलाय एवढं त्याला आजच कळव.

तुझा,
बाबा