परदेशातल्या संयुक्त अभ्यासक्रमात इंग्रजी शिकवायला जाण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चीनमधल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांच्या जाहिराती मोबाइलवर सतत फिरत असतात आणि एम.ए. इंग्रजी झालेली आपली मुले त्यांच्यामागे लागतात. त्यातल्या बऱ्याच जागा संयुक्त अभ्यासक्रमांतल्या असतात. चिनी विद्यापीठ आणि एखादे परदेशी विद्यापीठ मिळून पदवीचा अभ्यासक्रम चालवतात. अशा संयुक्त अभ्यासक्रमांसाठी चीन सरकारने 2003 मध्ये केलेल्या नियमावलीनंतर ही पद्धत तिथे रुळली. निंगबोमधले नॉटिंगहॅम (2004) आणि सुजौमधले शिआन जिआओतोंग-लिव्हरपूल (2006) ही तर स्वतंत्र विद्यापीठेच आहेत. पण नेहमीच्या सरकारी विद्यापीठाच्या एखाद्या विभागात चालणारे अभ्यासक्रम संख्येने कितीतरी जास्त आहेत.

जाहिरातीत 'इंग्रजी संभाषण' लिहिलेले असले तरी पहिला प्रश्न विचारावा, अभ्यासक्रम 2+2 आहे की 4+0? 2+2 मध्ये विद्यार्थी दोन वर्षांनी परदेशी जातो, त्यामुळे सगळा जोर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या गुणांवर असतो. 4+0 मध्ये तो चारही वर्षे चीनमध्येच राहतो आणि परदेशी प्राध्यापक तिकडे येतात. अनेकदा अख्खा विषय दोन-तीन आठवड्यांत उरकून ते परत जातात. चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या दंडकाप्रमाणे मुख्य विषयांचे परदेशी प्राध्यापकांनी घ्यायचे तास एकूण तासांच्या किमान एक तृतीयांश हवेत. ते तास मुलाला कळणार की नाही, हे पहिल्या वर्षाच्या इंग्रजीवर ठरते. शिक्षकाचे खरे काम हे आहे, गप्पा मारून घेणे नव्हे.

आता कागदपत्रे, कारण फसवणूक इथेच होते. तिथल्या नियमानुसार परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः स्वतःची मातृभाषा शिकवायची असते आणि किमान पदवी लागते. भारतीय पारपत्रावर 'इंग्रजी भाषाशिक्षक' म्हणून परवाना मिळणे म्हणूनच अवघड आहे. लेखाशास्त्र, संगणक असे विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्याला ही मातृभाषेची अट नाही. 'आधी बिझनेस व्हिसावर या, मग बघू' असे दलाल म्हणाला की तिथेच थांबावे. बेकायदा कामाला 5,000 ते 20,000 युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर असेल तर 5 ते 15 दिवस कोठडी. सरळ मार्ग असा: पदवी आणि पोलिस क्लिअरन्स यांचे राज्य सरकार व परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकन, त्यानंतर चिनी वकिलातीचा शिक्का. अपोस्टील म्हणजे वकिलातीच्या शिक्क्याऐवजी सदस्य देशांत चालणारे एकच प्रमाणपत्र. चीन 7 नोव्हेंबर 2023 पासून त्या करारात आला असला तरी भारत-चीन यांच्यात तो लागू नाही, त्यामुळे नुसते अपोस्टील करून पाठवलेले कागद परत येतात. मग विद्यापीठ कामाच्या परवान्याचे सूचनापत्र पाठवते, त्यावर झेड व्हिसा (नोकरीचा व्हिसा) मिळतो आणि पोचल्यावर 30 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. सूचनापत्र हातात येईपर्यंत इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.

वर्गातले विद्यार्थी मेहनती असतात. गाओकाओ या प्रवेश परीक्षेत इंग्रजीला 750 पैकी 150 गुण असतात, शब्दसंग्रह चांगला असतो. पण बहुतेक प्रांतांत लेखन म्हणजे सुमारे 80 शब्दांचे पत्र आणि 150 शब्दांत गोष्ट पुढे नेणे, एवढेच. पहिल्या वर्षाअखेर त्यांच्याकडून संदर्भांसह 1,500 शब्दांचा निबंध मागितला जातो. मग 'विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी' अशी पाठ केलेली वाक्ये प्रत्येक निबंधाच्या सुरुवातीला येतात आणि पुढे उतारेच्या उतारे उचललेले असतात. यात लबाडी कमी, सवय जास्त असते, कारण नमुन्याचे वाक्य चोख उतरवणे हाच शाळेत गुण मानलेला असतो. उतारा वाचायचा, पाच शब्द टिपायचे, कागद उलटा ठेवायचा आणि मग लिहायचे, हा सराव पहिल्या आठवड्यापासून हवा. लांबी 150, 300, 600 अशी वाढवावी.

खरी अडचण ऐकण्यात आहे. शब्द डोळ्याला ओळखीचा, कानाला परका. त्यातही आकडे. चिनी मोजणीत दहा हजाराला 'वान' हे एकक आहे, त्यावर थेट 'यी', म्हणजे दहा कोटी. प्राध्यापक 'थ्री हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड' म्हणाले की विद्यार्थ्याला मनात 35 वान करावे लागतात आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्ये निघून जातात. साडेतीन लाखांत विचार करणाऱ्या मराठी माणसाला ही अडचण चटकन कळेल. अमेरिकी शिक्षकाला ती सांगावी लागते. वाणिज्य आणि अभियांत्रिकीच्या वर्गात रोज पाच मिनिटे नुसते आकडे ऐकून लिहायला लावावेत. बोलण्यात 'ही' आणि 'शी'ची अदलाबदल होते, कारण चिनीत दोन्हींचा उच्चार 'ता' असाच आहे. त्यावरून टोकत बसू नये.

मुख्य विषयाच्या प्राध्यापकांच्या मागच्या वर्षीच्या तासाचे ध्वनिमुद्रण मागून घ्यावे. त्यातला सात-आठ मिनिटांचा तुकडा तीनदा ऐकवावा: पहिल्यांदा पेन खाली ठेवून, दुसऱ्यांदा टिपणे काढत, तिसऱ्यांदा लिखित मजकूर समोर ठेवून, कुठे हरवलो त्यावर खूण करत. विद्यापीठ ध्वनिमुद्रण देत नसेल तर इंग्रजी विभाग आणि विषय विभाग एकमेकांशी बोलत नाहीत असे समजावे, आणि करार करताना त्याचा विचार करावा.

करारात तासिका मोजतात, तपासणी मोजत नाहीत. 30 मुलांचे चार वर्ग आणि निबंधाला 15 मिनिटे धरली तर एका फेरीला 30 तास लागतात. हे आधीच लिहून घ्यावे. सप्टेंबरात नव्या मुलांचे लष्करी प्रशिक्षण असते, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय सुट्टी आणि तिची भरपाई शनिवार-रविवारी. 16 आठवड्यांचा आराखडा केला तरी हाती 12-13 आठवडेच लागतील असे धरून चालावे. जीमेल, यूट्यूब तिथे उघडत नाही, साहित्य पेन ड्राइव्हवर न्यावे. हजेरीपट चिनी लिपीत असतो, तो रोमन लिपीत मागावा.

आपल्या विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यास मंडळांना एक विनंती आहे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात साहित्य भरपूर आहे, पण विषयाचे व्याख्यान ऐकायला, टिपणे काढायला आणि संदर्भ देऊन लिहायला कसे शिकवावे याची एक तरी अभ्यासपत्रिका असावी. नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांची संकुले येऊ घातली आहेत. जून 2025 मध्ये पाच विद्यापीठांना इरादापत्रे मिळाली. तिथे मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही पहिल्या वर्षी असाच शिक्षक लागणार आहे.

आपला,
एक इंग्रजी अध्यापक, कोल्हापूर